किल्ल्यांच्या हजारो फोटोंना टॅग लावूनही हवा तो फोटो सापडत नाही. कोणते सॉफ्टवेअर वापरावे?

तुम्ही लिहिले आहे की दहा-बारा वर्षांचे किल्ल्यांचे फोटो आहेत, टॅगही लावलेत, तरी ‘राजगडाचा चिलखती बुरूज’ शोधायला अर्धा तास जातो. आमच्या भटक्यांच्या गटाचा फोटोसंग्रह मी सांभाळतो, त्यामुळे ठामपणे सांगतो: सॉफ्टवेअर बदलून हे सुटणार नाही. आधी शब्दांची यादी पक्की करा.

तुमच्या टॅगची यादी एकदा अकारविल्हे लावून बघा. ‘बुरूज’, ‘बुरुज’, ‘बुरूजे’, ‘टाके’, ‘टाकं’, ‘पाण्याची टाकी’ असे सगळे वेगवेगळे टॅग त्यात निघतील. संगणकाच्या लेखी हे सगळे एकमेकांशी संबंध नसलेले शब्द. म्हणून प्रत्येक गोष्टीला एकच रूप ठरवायचे. मी एकवचनी, प्रत्यय न लागलेले रूप घेतो: बुरूज, दरवाजा, टाके, देवडी, वीरगळ, शरभशिल्प. अपवाद ‘पायऱ्या’चा, कारण एकटी पायरी कोणी शोधत नाही. त्यातही एक खाच आहे. यातला ‘ऱ्य’ दोन पद्धतींनी टाइप होतो आणि पडद्यावर अगदी सारखाच दिसतो, पण आतली अक्षरे वेगळी असतात, त्यामुळे एकाने शोधले तर दुसरा सापडेलच असे नाही. म्हणून माझा नियम असा की टॅग पुन्हा टाइप करायचाच नाही, नेहमी यादीतून निवडायचा. जुन्या श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये काही लिहिलेले असेल तर तेही आधी युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या सर्वत्र चालणाऱ्या अक्षरपद्धतीत, आणा.

आता नावांचा घोळ. रायगड हा किल्लाही आहे आणि जिल्हाही (1981 पर्यंत तो कुलाबा होता). माणिकगड दोन आहेत, एक रसायनीजवळ आणि एक चंद्रपूर जिल्ह्यात. म्हणून टॅग उतरंडीत ठेवा: ‘किल्ला’खाली रायगड आणि ‘जिल्हा’खालीही रायगड. माणिकगडांना मात्र नावातच ओळख द्या, ‘माणिकगड रसायनी’ आणि ‘माणिकगड चंद्रपूर’. सिंहगड आणि कोंढाणा, देवगिरी आणि दौलताबाद अशा एकाच किल्ल्याच्या दोन नावांसाठी लाइटरूम या फोटो सांभाळण्याच्या प्रोग्राममध्ये समानार्थी शब्दाची सोय आहे. डिजिकॅम हा तसाच दुसरा प्रोग्राम वापरत असाल तर दोन्ही टॅग सरळ लावून टाका. जिल्ह्यांची नावेही बदलतात. 2023 मध्ये औरंगाबाद जिल्ह्याचे छत्रपती संभाजीनगर झाले, पण जुन्या नावाने शोधणारे लोक अजून खूप आहेत, म्हणून मी जुने नाव काढत नाही.

तुमचाच फोटो घेऊ. राजगडाची संजीवनी माची, दुहेरी तटाचा चिलखती बुरूज, पुढे कारवीच्या झुडपांचे रान. बरेच जण ‘राजगड संजीवनी माची चिलखती बुरूज’ असा एकच लांबलचक टॅग लिहितात. तो टाळा. मग दुसऱ्या किल्ल्यावरचे चिलखती बुरूज एकत्र बघता येत नाहीत. शिवाय फोटोच्या फाइलमध्ये कीवर्ड (म्हणजे टॅगच) साठवण्याची जी आयपीटीसी नावाची जुनी पद्धत आहे, तिच्यात एका कीवर्डला 64 बाइटची मर्यादा आहे. युनिकोडच्या नेहमीच्या यूटीएफ-8 पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक अक्षर आणि प्रत्येक काना-मात्रा वेगवेगळे तीन-तीन बाइट खाते. म्हणजे जेमतेम एकवीस चिन्हे, आणि ही ओळ त्यापलीकडे जाते, मधेच तुटू शकते. नवीन एक्सएमपी पद्धतीत ही मर्यादा नाही, पण अनेक प्रोग्राम दोन्हीकडे लिहितात. त्यापेक्षा सुटे टॅग लावा: राजगड, संजीवनी माची, चिलखती बुरूज, कारवी. तारीख लिहू नका, ती कॅमेऱ्याने आधीच नोंदवलेली असते. ‘सुंदर’, ‘मस्त नजारा’ असलेही काही नको. असे शब्द टाकून पुढे कोणी फोटो शोधत नाही.

फोनमधला आपोआप शोध सूर्यास्त ओळखतो, देऊळ ओळखतो. पण देवडी कुठली आणि चोरदरवाजा कुठला, यासाठी मी त्याच्यावर विसंबत नाही. असा टॅग आपल्यालाच लिहावा लागतो.

टॅग फोटोच्या फाइलमध्ये लिहिले जाताहेत ना, हे मात्र नक्की तपासा. नुसते प्रोग्रामच्या कॅटलॉगमध्ये, म्हणजे त्याच्या स्वतःच्या नोंदवहीत, राहिले तर प्रोग्राम बदलताच ते गेले. गूगलचे पिकासा हे फोटो सांभाळण्याचे सॉफ्टवेअर 2016 मध्ये बंद झाले, तसे उद्या कुठलेही होऊ शकते. लाइटरूममध्ये मेटाडेटा (टॅग आणि फोटोची इतर माहिती) फाइलमध्ये साठवण्याची वेगळी आज्ञा द्यावी लागते; रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली मूळ फाइल, असेल तर शेजारी एक्सएमपी फाइल तयार होते, ती मूळ फोटोबरोबरच हलवा. आणि व्हॉट्सअॅपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो टॅग गमावतो, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

सगळा संग्रह एकदम हातात घेऊ नका. राजगडापासून सुरुवात करा, पन्नास-साठ शब्दांची यादी त्यातच तयार होईल. 2025 मध्ये युनेस्कोच्या यादीत आलेल्या बारा किल्ल्यांत राजगड आहेच, त्यामुळे त्याचे फोटो मागणारे सध्या खूप आहेत. यादी झाली की जुने टॅग तिच्यात विलीन करा. ‘बुरुज’खालचे सगळे फोटो एकदम निवडून त्यांना ‘बुरूज’ लावा आणि मग जुना टॅग काढून टाका. विलीन करण्याआधी संग्रहाची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर घेऊन ठेवा.