कोपराला इंजेक्शन घेऊ की गोळ्यांवर भागवू?

प्रश्न : मी ४६ वर्षांची आहे. घरून पोळी-भाजीचे डबे देते, रोज दीडशे पोळ्या होतात. तीन महिन्यांपासून उजव्या कोपराच्या बाहेरच्या बाजूला कळ येते, सांडशीत पातेलं धरवत नाही. टेनिस एल्बो आहे म्हणाले. एक डॉक्टर गोळ्या देतात, दुसरे म्हणतात इंजेक्शन घ्या आणि मोकळ्या व्हा. मधुमेहाची गोळी चालू आहे. काय करू?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : ताई, ‘मोकळ्या व्हा’ हेच मला खटकलं. सचिनच्या कोपरामुळे २००४ मध्ये हे दुखणं घरोघरी माहीत झालं, पण माझ्याकडे येणाऱ्यांत रॅकेटवाले मोजकेच. लाटणं, पाना आणि रंगाचा ब्रश धरणारेच जास्त.

इंजेक्शनने आराम लवकर पडतो, हे खरं. इंग्लंडमध्ये १६४ रुग्णांवर झालेली तुलना १९९९ मध्ये छापून आली. चार आठवड्यांनी स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलेल्यांपैकी ९२ टक्क्यांना बरं वाटत होतं, नेप्रॉक्सेन या वेदनाशामकाच्या गोळ्या घेतलेल्यांपैकी ५७ टक्क्यांना. आणि नुसत्या खोट्या, म्हणजे औषधच नसलेल्या, गोळ्या घेणाऱ्यांपैकी? ५० टक्क्यांना! वर्षाअखेर तिन्ही गट जवळपास सारखेच. पुढे २०१३ च्या ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासात स्टेरॉइड घेतलेल्यांपैकी ५४ टक्क्यांचं दुखणं वर्षभरात उलटलं. खोटं इंजेक्शन घेतलेल्यांत हे प्रमाण १२ टक्के होतं.

असं का? मनगट वर उचलणारा स्नायू कोपराच्या हाडाला जिथे चिकटतो, तिथला कंडरा (स्नायूला हाडाशी बांधणारा दोर) झिजलेला असतो. सूज त्यात थोडीच. इंजेक्शनने कळ थांबते, कंडरा भरून येत नाही. आणि कळ थांबली की तुम्ही दुसऱ्या दिवशी पुन्हा दीडशे पोळ्या लाटणार, मला ठाऊक आहे. शिवाय मधुमेहात इंजेक्शननंतर काही दिवस साखर चढते. टोचल्या जागी कातडी पांढुरकी पडू शकते.

गोळ्याही निरुपद्रवी नाहीत. डायक्लोफेनॅक, नेप्रॉक्सेन पोटाला आणि मूत्रपिंडाला सोसत नाहीत. मधुमेह असेल तर क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) तपासल्याशिवाय मुळीच नको. मेडिकलमधून परस्पर गोळ्यांची पट्टी आणून महिनोन्‌महिने खाऊ नका. थोडे दिवस कोपरावर वेदनाशामक जेल चोळायला हरकत नाही.

मी तुमच्या जागी असतो तर आधी पोळ्या निम्म्या केल्या असत्या, लाटायला मदतनीस ठेवली असती. पातेलं दोन्ही हातांनी, तळवे वर ठेवून उचला. हात टेबलावर, पंजा कडेबाहेर, तळवा खाली. मुठीत अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली. डाव्या हाताने मनगट वर न्या, मग उजवं एकटंच सावकाश खाली सोडा. रोज पंधरा-पंधरा वेळा, तीनदा. थोडं दुखेल, चालतं. दुसऱ्या दिवशी ठणका वाढला तर बाटली अर्धी भरा.

झोपच उडाली असेल तर एकदा इंजेक्शन घ्यायला मी अडवणार नाही, पण मग तीन-चार आठवडे लाटणं दुसऱ्याच्या हातात द्यायचं. बोटांत मुंग्या येत असतील तर आधी मान तपासून घ्या, तिथे नस दबलेली असू शकते.