एसव्हीएनमधून गिटकडे जाताना: वाचकांची प्रश्नोत्तरे

(एसव्हीएन म्हणजे सबव्हर्जन. ते आणि गिट, दोन्ही कोडमधल्या बदलांचा इतिहास सांभाळणाऱ्या प्रणाली.)

प्रश्न: स्थलांतरानंतर रिकामे फोल्डर गायब झाले. बग आहे का?

उत्तर: नाही. गिट रिकामे फोल्डर ठेवतच नाही.

प्रश्न: प्रत्येक कमिटच्या (नोंदवलेल्या बदलाच्या) संदेशाखाली ‘गिट-एसव्हीएन-आयडी’ची लांबलचक ओळ आली आहे. गचाळ दिसते. काढून टाकू?

उत्तर: थांबा! त्या ‘गचाळ’ ओळीत जुन्या रिपॉझिटरीचा (कोड आणि त्याच्या इतिहासाच्या साठ्याचा) पत्ता, रिव्हिजन क्रमांक (एसव्हीएनमधला बदलाचा अनुक्रमांक) आणि यूयूआयडी (त्या रिपॉझिटरीची ओळखखूण) आहे. तुमच्या बग ट्रॅकरमध्ये (चुकांच्या नोंदवहीत) कुणीतरी ‘आर४५२१ मध्ये दुरुस्त’, म्हणजे रिव्हिजन ४५२१ मध्ये, एवढंच लिहून ठेवलेलं असणार. गिटमध्ये ४५२१ नावाचं काही नसतं, हॅश (कमिटमधल्या माहितीवरून निघणारी अक्षर-अंकांची ओळख) असतो. ओळ गेली की ती नोंद वाचून कुणालाच काही कळणार नाही. २०१९मध्ये एलएलव्हीएम आणि २०२०मध्ये जीसीसी हे मोठे कंपायलर प्रकल्प गिटवर आले, तेव्हा दोघांनीही जुना क्रमांक संदेशातच ठेवला. ते काय हौसेने?

शिवाय संदेश हा हॅशचाच भाग. आता ओळी पुसल्यात तर पुढच्या सगळ्या कमिटांचे हॅश बदलतील आणि सहकाऱ्यांचे क्लोन (रिपॉझिटरीच्या प्रती) निकामी होतील. आयात करणाऱ्या ‘गिट-एसव्हीएन’चा ‘नो-मेटाडेटा’ (या ओळी न लिहिण्याचा) पर्याय फक्त एकदाच्या आयातीसाठी आहे. एसव्हीएनशी देवाणघेवाण चालू ठेवायची असेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका. नकोच असतील ओळी, तर क्रमांक-हॅश यादी आधी काढा. बग ट्रॅकर सांभाळणाऱ्याशी आणि ऑडिटवाल्यांशी बोलल्याशिवाय काहीही पुसू नका.

प्रश्न: मित्र म्हणतो, हे जुने क्रमांक गिट नोट्समध्ये (कमिटला बाहेरून जोडलेल्या टिपांमध्ये) टाकणं सर्वांत सुरक्षित.

उत्तर: मित्राने नवा क्लोन घेऊन पाहिलंय का? नोट्स साध्या क्लोनमध्ये येत नाहीत, साध्या पुशमध्ये (सर्व्हरवर बदल पाठवताना) जात नाहीत. हॅश बदलत नाही, हा फायदा खरा. पण सर्व्हर सांभाळणाऱ्याला विचारूनच ठरवा.

प्रश्न: आम्ही गिटऐवजी मर्क्युरियल या दुसऱ्या प्रणालीवर जातोय. तिथे?

उत्तर: तिथे चेंजसेटला (तिथल्या कमिटला) ‘एक्स्ट्रा’ ही वेगळी जागा आहे, आयात करणारं ‘कन्व्हर्ट’ जुना क्रमांक तिथे लिहितं. साध्या लॉगमध्ये (इतिहासाच्या यादीत) दिसत नाही, लॉगला ‘डीबग’ पर्याय लावून बघा.

प्रश्न: एक कंपनी ‘एका क्लिकमध्ये संपूर्ण इतिहास’ देते म्हणते.

उत्तर: संपूर्ण म्हणजे काय, ते लेखी मागा. मर्जइन्फो (कोणते बदल कुठे मिसळले त्याची नोंद), एक्स्टर्नल्स (बाहेरच्या रिपॉझिटरींचे दुवे) यांचं काय करणार? एसव्हीएनमध्ये नुसतं युजरनेम असतं, मग ईमेल आणणार कुठून? उत्तराऐवजी माहितीपत्रक आलं तर सही करू नका.

प्रश्न: जुना सर्व्हर पुढच्या आठवड्यात बंद होतोय. डम्प (रिपॉझिटरीच्या इतिहासाची फाइल) तेव्हा घेतला तर चालेल?

उत्तर: आजच घ्या आणि दुसऱ्या मशीनवर लोड करून तपासा. हुक्स (कमिटच्या वेळी आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्ट) आणि कॉन्फिग (सेटिंग) डम्पमध्ये येत नाहीत, ते वेगळे कॉपी करा. तपासणी होईपर्यंत सर्व्हर बंद करू नका, असं ॲडमिनला लेखी कळवा.