पावसाळ्यात एचटी (हाय टेन्शन) मोटरची मेगर व्हॅल्यू, म्हणजे मेगर मीटरने मोजलेला इन्सुलेशनचा रोध, एकदम खाली येते. किती मेगोहमच्या खाली मोटर चालवू नये?

तुम्ही लिहिलंय की तुमची ६.६ केव्हीची मोटर मे महिन्यात १,५०० मेगोहम दाखवत होती, आता जुलैत ६० दाखवते, मेंटेनन्सवाले रिवाइंडिंगचं कोटेशन मागवतायत आणि कुणीतरी हायपॉट (जास्त व्होल्टेज लावून करायची चाचणी) करून घ्या म्हणतंय.

कोटेशन थांबवा. आठवडाभर तरी थांबवा.

आकडा हवा असेल तर आयईईई ४३ या मानकात आहे. साधारण १९७० नंतर बनलेल्या फॉर्म वाउंड (आधीच आकार दिलेल्या कॉइलच्या) वाइंडिंगला, रीडिंग हिशोबाने ४० अंशाला आणून, किमान १०० मेगोहम. त्याआधीच्या जुन्या मशीनला केव्ही अधिक एक, म्हणजे ६.६ केव्हीला ७.६. तुमची ६० आहे, तेव्हा आहे त्या अवस्थेत मोटर चालवू नका. पण 'आज चालवू नका' आणि 'वाइंडिंग गेलं' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या एकच धरल्या म्हणून एक चांगली मोटर माझ्या डोळ्यांदेखत कापली गेली.

२०१० चा जुलै. लोटे परशुरामच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात कूलिंग वॉटरचे तीन पंप होते, दोन चालू आणि एक स्टँडबाय. स्टँडबायची मोटर तीन आठवडे उभी. मी आयटीआय करून नुकताच टेस्टिंगच्या कामाला लागलेलो, माझ्या मावसभावाच्या हाताखाली. या धंद्यात मला त्यानेच आणलं, मेगर धरायलाही त्यानेच शिकवलं. दादाने ब्रेकरच्या पॅनलवरूनच ५ केव्ही लावला. एका मिनिटाला १२ मेगोहम. दहा मिनिटं थांबलो तरी १३. दादा म्हणाला, "नापास. लिही." मी म्हटलं, "दादा, मोटरकडची केबल सोडून बघूया का?" तो म्हणाला, "रीडिंग ते रीडिंग. उद्या फ्लॅश झाला तर तू भरून देणार का?" मी लिहिलं. रिपोर्टवर अक्षर माझंच आहे.

मोटर ट्रकवर चढली. वाइंडरकडे स्टेटर उघडला तेव्हा मला सोबत पाठवलं होतं. कॉइल काढायला लागले तर आत सगळं कोरडं खणखणीत. माइका टेप जागच्या जागी, वेजेस घट्ट, कुठे काळा डाग नाही. वाइंडर नुसता माझ्याकडे बघत राहिला. ऑर्डर रिवाइंडिंगची होती, त्याने रिवाइंड केलं.

पुढच्या जुलैत त्याच पंप हाऊसमधली दुसरी मोटर. पुन्हा पॅनलवरून १२. दादा त्या दिवशी दाभोळला दुसऱ्या कामावर होता. मी परमिट वाढवून घेतलं आणि मोटरच्या टर्मिनल बॉक्समधून केबल सोडली. केबल एकटी १८ मेगोहम, मोटर एकटी ३६. हिशोब करून बघा, १८ आणि ३६ समांतर जोडले की बरोबर १२. म्हणजे आदल्या वर्षी आम्ही ज्याला मोटरचं रीडिंग म्हणालो त्यात मोटर किती आणि केबल किती, ते आम्हाला ठाऊकच नव्हतं.

टर्मिनल बॉक्सचं गॅस्केट एका कोपऱ्यात दबलं होतं. आत पालीची घाण, इन्सुलेटरवर बोटाला चिकटणारा ओलसर थर. कूलिंग टॉवरचा फवारा त्या भिंतीवर दिवसभर येतो. केबलची टर्मिनेशन्स आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) लावलेल्या कापडाने पुसली, दहा मिनिटांनी केबल एकटी ४,००० च्या पुढे. मोटरचे इन्सुलेटर तसेच पुसल्यावर ३६ चे ९० झाले. हेही १०० च्या खालीच, म्हणजे ओल आता खरोखर वाइंडिंगवर होती.

मग मी स्पेस हीटर शोधला, म्हणजे उभ्या मोटरला आतून गरम आणि कोरडा ठेवणारा हीटर. हीटर ठीक होता, त्याची एमसीबी खाली होती. वेल्डिंग मशीनला सप्लाय हवा होता म्हणून कुणीतरी त्याच एमसीबीच्या आउटगोइंगला वायर मारली आणि काम झाल्यावर एमसीबी पाडून गेला. तीन आठवडे उभी मोटर, बाहेर कोकणातला पाऊस, आणि आत हीटर बंद. एमसीबी उचलली, बॉक्सचं गॅस्केट बदललं, दोन रात्री काही केलं नाही. तिसऱ्या दिवशी एका मिनिटाला ६४०, दहा मिनिटांना १,९८०. पीआय, म्हणजे दहा मिनिटांची व्हॅल्यू भागिले एका मिनिटाची, ३.१. त्याच संध्याकाळी मोटर चालू केली. अजून त्याच वाइंडिंगवर चालते आहे.

दादाला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, नशीब तुझं. दर गणपतीत गावी भेटतो आणि हा वाद निघतोच. त्याचं म्हणणं एकच, की सही आपली असते, जोखीम आपण का घ्यायची? मी म्हणतो, जोखीम घ्यायची नाहीच. पण १२ मेगोहम नेमके कशाचे हे न बघता 'मोटर नापास' लिहिणं ही सावधगिरी नाही, ते काम अर्धवट सोडणं आहे. आणि त्या अर्धवट कामाचे पैसे ग्राहकाने रिवाइंडिंगमध्ये भरले.

आता तुमची मोटर. उन्हाळ्यात वाइंडिंग गरम असतं, आणि तापमान साधारण १० अंशांनी वाढलं की व्हॅल्यू निम्मी होते. म्हणजे नुसत्या तापमानाचा विचार केला तर तुमची मे महिन्यातली व्हॅल्यू कमी आणि जुलैतली जास्त यायला हवी होती. उलट झालंय, म्हणून माझा पहिला संशय ओलीवर आहे. केबल सोडा, दोन्हींचं वेगवेगळं रीडिंग घ्या, पुसा, हीटर लावा, पुन्हा घ्या. प्रत्येक रीडिंगसमोर वाइंडिंगचं तापमान आणि हवेतली आर्द्रता लिहा. जुन्या रिपोर्टवर ते नसेल तर १,५०० ची ६० शी तुलना करण्यात फारसा अर्थ नाही.

हायपॉट आत्ता अजिबात नको. नव्या ६.६ केव्ही मोटरला फॅक्टरीत दुप्पट अधिक एक, म्हणजे १४.२ केव्ही एसी एक मिनिट देतात, ते कोरड्या नव्या वाइंडिंगला. ओल्या वाइंडिंगला हायपॉट लावलात तर जे नुसतं वाळवून परत आलं असतं ते तुम्ही स्वतःच फोडाल.

आता काही गोष्टी आधी सांगायच्या राहिल्या. दोन-तीन दिवस वाळवूनही व्हॅल्यू चढत नसेल, किंवा पीआय २ च्या खालीच अडकला असेल, तर माझी गोष्ट विसरा आणि मोटर उघडा. (एका मिनिटाची व्हॅल्यूच ५,००० च्या वर असेल तर पीआय बघायची गरज नाही.) पुरात बुडालेल्या मोटरला यातलं काही लागू नाही. २०२१ ला चिपळूणमध्ये पाणी शिरलं तशा ठिकाणी गाळ आत जातो, मोटर खोलून, धुऊन, ओव्हनमध्येच न्यावी लागते. मेगर चांगला आला म्हणून वाइंडिंग निरोगी, असंही समजू नका. कोरड्या इन्सुलेशनमधली पोकळी मेगरला दिसत नाही, त्यासाठी टॅन डेल्टा आणि पार्शल डिस्चार्ज या वेगळ्या चाचण्या कराव्या लागतात. आणि ५ केव्ही दहा मिनिटं लावलात तर निदान चाळीस मिनिटं वाइंडिंग अर्थला बांधून ठेवा. अर्थिंग रॉड टेकवताना जो चटका ऐकू येतो तो पहिल्यांदा टेकवून संपत नाही, रॉड काढला की चार्ज परत उभा राहतो.

सगळ्यात आधी मात्र हीटरच्या वायरला क्लॅम्प मीटर लावून बघा. एमसीबी वर आहे म्हणून हीटर चालू आहे असं धरू नका, करंट दिसला पाहिजे. शून्य दिसला तर काय करायचं ते वर लिहिलंच आहे. करंट असेल तर केबल सोडल्यानंतरची दोन्ही रीडिंग्ज इथे टाका, मी बघतो.