टक्क्यांसाठी गणित सोडावं का?

प्रश्न : मुलगी अकरावी सायन्सला आहे. भौतिक, रसायन, गणित, जीवशास्त्र असे चारही विषय घेतलेत. दहावीला ९१ टक्के होते, पण पहिल्या चाचणीत गणितात २५ पैकी ९ पडले. क्लासचे सर म्हणतात, गणित सोडून भूगोल घ्या, बारावीचे टक्के वाढतील. अमेरिकेत शिकणारा भाचा म्हणतो, अवघड विषय अजिबात सोडू नका, कॉलेजं तेच बघतात. तिला डॉक्टर व्हायचं नाही, ओढा कॉम्प्युटर इंजिनिअरिंगकडे आहे. जीवशास्त्र असू दे म्हणून ठेवलंय. काय करावं?
– एक पालक, फुलेवाडी, कोल्हापूर

उत्तर : नमस्कार. भाचा सांगतो ते तिथल्यापुरतं बरोबर आहे. अमेरिकेतल्या नावाजलेल्या कॉलेजांत अर्ज माणसं वाचतात. शाळेत कोणते अवघड कोर्स होते, त्यातले या मुलानं कोणते घेतले आणि त्यात ग्रेड काय पडली, हे सगळं एकत्र बघतात. आपल्याकडे इंजिनिअरिंगची यादी सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेतल्या पर्सेंटाइलवर, म्हणजे परीक्षेत किती टक्के मुलं आपल्या मागे आहेत त्यावर, लागते. पोरीनं किती अवघड विषय घेतले होते, हे तिथे कुणी विचारत नाही.

पण म्हणून सरांचा सल्लाही तुमच्या मुलीला लागू पडत नाही. इंजिनिअरिंगला बारावीचे गुण पात्रतेपुरते लागतात : ठरलेल्या तीन विषयांत मिळून खुल्या गटाला ४५ टक्के, राखीव प्रवर्गाला ४०. भूगोलात ९० पडले तरी सांगलीचं वालचंद किंवा आपलं केआयटी त्यावर मिळणार नाही. उलट सीईटीच्या पीसीएम (भौतिक, रसायन, गणित) गटात २०० पैकी १०० गुण एकट्या गणिताचे आहेत. ५० प्रश्न, प्रत्येकी २ गुण, आणि चुकलं तरी गुण कापत नाहीत. जिथे निम्मा पेपर गणिताचा, तिथे जायचं असेल तर गणित सोडून कसं चालेल?

बारावीच्या टक्क्यांना किंमत नाही असं मात्र समजू नका. एनआयटी या केंद्र सरकारच्या इंजिनिअरिंग कॉलेजांना जेईई या देशपातळीवरच्या परीक्षेच्या जोडीला बारावीत ७५ टक्के किंवा बोर्डाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये असण्याची अट आहे. साध्या बी.एस्सी.ची यादी बऱ्याच कॉलेजांत बारावीच्या गुणांवरच लागते. पण संख्याशास्त्र किंवा कॉम्प्युटर सायन्सला जायचं म्हटलं की तिथेही गणित आडवं येतंच.

माझं स्पष्ट मत आहे, सोडायचंच असेल तर जीवशास्त्र सोडा. डॉक्टर व्हायचं नाही हे मुलीला पक्कं माहीत आहे, मग असू दे म्हणून ठेवलेला तो विषय तिचा रोजचा वेळ खातोय. आकृत्या, जर्नल, प्रॅक्टिकल, पाठांतर. गणित बसायला लागतो तो सलग दीड-दोन तासांचा निवांतपणा तिला मिळतो का, हे एकदा तिलाच विचारा. जीवशास्त्र सोडल्यावर मेडिकल, फिजिओथेरपी वगैरे बंद होतं, हेही तिला आधी सांगा. फार्मसीला पीसीएमवरही जाता येतं. जीवशास्त्राच्या जागी तिनं भूगोल घेतला तर माझी काहीच हरकत नाही.

आता त्या ९ गुणांबद्दल. दहावीला ९१ टक्के मिळवलेली पोर पहिल्या चाचणीत ९ वर आली, हे अकरावीत इतकं घडतं की मी त्यावरून काहीच ठरवणार नाही. चाचणीचा पेपर काढा. तोच पेपर तिला घरी, घड्याळ न लावता, सूत्रांचा कागद शेजारी ठेवून परत सोडवायला सांगा. असे १६-१७ गुण पडले तर तिला गणित कळतंय, फक्त हात बसलेला नाही. मग त्रिकोणमिती आणि सरळ रेषा हे दोन धडे पक्के करून घ्या. सीईटीत अकरावीचा भाग साधारण २० टक्के असतो आणि हे धडे त्यात आहेत. सूत्रं समोर असूनही गणित कुठून सुरू करायचं हेच सुचत नसेल, तर मात्र दहावीचं बीजगणित परत काढावं लागेल. शंभर पोरांच्या बॅचमध्ये ते होत नाही, त्यासाठी शेजारी बसून शिकवणारं कुणीतरी बघा.

दोन महिने असे मनापासून देऊनही गणिताचं पुस्तक उघडताना तिला रडू येत असेल, तर इंजिनिअरिंगचाच विचार परत करू. तेव्हा मला पुन्हा लिहा.

विषय बदलायची मुभा अकरावीच्या सुरुवातीलाच असते, पुढे फार अवघड जातं. मुदत कधीपर्यंत आहे, हे या आठवड्यातच कॉलेजच्या ऑफिसात विचारून घ्या आणि जाताना मुलीला बरोबर न्या. अर्जावर सही तुमची असली तरी तो विषय दोन वर्षं तिला शिकायचाय.