'काका मला वाचवा' वाचले आणि मुलगी काकांशी बोलेना

(ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

मुलगी अकरा वर्षांची. सुट्टीत पेशवाईवरची जाडजूड कादंबरी हाती लागली. नारायणराव पेशव्यांच्या खुनाचे प्रकरण, त्यात त्यांनी काका रघुनाथरावांना मारलेली 'काका मला वाचवा' ही हाक वाचली आणि ती एकटी झोपेनाशी झाली. घरातच राहणाऱ्या सख्ख्या काकांच्या खोलीतही जाईना. आईने पुस्तक काढून घेतले, बाबा म्हणाले, "अगं, नुसती गोष्ट आहे ती." आईचा आम्हाला प्रश्न होता, ऐतिहासिक कादंबऱ्या बंदच करायच्या का?

नाही. पुस्तक मध्येच काढून घेतले की मूल त्या भयंकर पानावरच अडकते. आणि बाबांचे म्हणणे मुलीला पटणारच नव्हते. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात हा खून खरोखर झाला, हे तिला ठाऊक होते.

आम्ही मुलीला वहीत तीन रकाने आखायला सांगितले: घडलेले, सांगोवांगी, लेखकाने रचलेले. गारद्यांचा, म्हणजे वाड्यावरच्या भाडोत्री शिपायांचा, हल्ला पहिल्यात गेला. रघुनाथरावांच्या पत्नी आनंदीबाईंनी हुकुमातल्या 'धरावे'चे 'मारावे' करून 'ध' चा 'मा' केला, पौर्णिमेला वाड्यात हाक ऐकू येते, हे दुसऱ्यात. शेवटच्या क्षणी नारायणरावांच्या मनात काय आले, हे कुठे? "ते कोणी लिहून ठेवलं असेल?" असे तिनेच विचारले आणि तिसऱ्यात टाकले. झोप उडवणारी बहुतेक वाक्ये तिथेच निघाली.

मग आईने शेजारी बसून पुढची पाने वाचली. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांनी रघुनाथरावांना दोषी ठरवले, बारभाईंनी, म्हणजे त्यांच्या विरोधात एकत्र आलेल्या कारभाऱ्यांनी, कारभार हाती घेतला, १८ एप्रिल १७७४ ला पुरंदरावर नारायणरावांचे पुत्र सवाई माधवराव जन्मले. खुनानंतर काय झाले, हे कळणे मुलांना फार गरजेचे असते.

काकांचा उलगडा दुसऱ्या भेटीत झाला. त्यांनी गमतीने अंधाऱ्या पॅसेजमधून तीच हाक मारली होती! अशी थट्टा अजिबात करू नका. काकांनी तिची माफी मागितली; मग दोघांनी बाळाजी विश्वनाथांपासून पेशव्यांची वंशावळ काढली.

घरी एवढे पाळा: असे वाचन दिवसा, एका वेळी वीस-पंचवीस मिनिटे, झोपण्यापूर्वी नको. खून, कैद, देहदंडाची प्रकरणे आधी स्वतः वाचा. संभाजीराजांच्या अखेरच्या दिवसांचे वर्णन तर बारा वर्षांखालच्या मुलाला एकट्याने वाचू देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. महिनाभर झोप बिघडलेलीच राहिली, जेवण किंवा शाळा सुटू लागली, तर बालमानसतज्ज्ञांना दाखवा.

ही मुलगी तीन आठवड्यांत पुन्हा आपल्या खोलीत झोपू लागली. आता तिने आनंदीबाईंसाठी वेगळे पान आखले आहे. त्यातला मधला रकाना सर्वांत आधी भरला.