रेडिएशननंतर वडिलांचं तोंड सतत कोरडं पडतं. मुंबईहून अमेरिकेला नेताना सिक्युरिटीत पाण्याची बाटली काढून घेतील का?

साध्या पाण्याने भरलेली बाटली आंतरराष्ट्रीय प्रवासात बहुतेक काढून घेतीलच. रिकामी मात्र नेऊ देतात. तपासणी झाली की आत नळावर लगेच भरून घ्या. मध्ये कुठे विमान बदलणार असाल तर तिथल्या तपासणीआधी ती पुन्हा रिकामी करावी लागेल. देशांतर्गत विमानात पाण्याची अडचण सहसा येत नाही, त्यामुळे त्या अनुभवावर विसंबू नका.

हातातल्या सामानात १०० मिलीपेक्षा मोठ्या बाटलीतून द्रव नेता येत नाही, हा नियम २००६ सालचा आहे. लंडनहून निघणाऱ्या विमानांत सरबताच्या बाटल्यांतून द्रव स्फोटकं नेण्याचा कट त्या ऑगस्टमध्ये उघडकीला आला, तेव्हापासूनचा. जेल, पेस्ट, स्प्रे हे सगळं त्यात द्रवच धरतात, म्हणजे तोंडाला लावायचं कृत्रिम लाळेचं जेलसुद्धा. औषधांना आणि वैद्यकीय गरजेच्या आहाराला सूट आहे, पण ट्रे मशीनमध्ये जायच्या आधी आपणहून सांगावं लागतं.

आम्ही चुकलो ते इथेच. माझ्या बाबांना जिभेच्या कॅन्सरसाठी रेडिएशन झालं, लाळ जवळपास बंद झाली. दोन-तीन मिनिटांत तोंड ओलं केलं नाही तर जीभ टाळूला चिकटते, शब्द फुटत नाही. शिवाय पातळ पाण्याने ठसका लागतो, म्हणून थिकनर पावडर घालून दाट केलेलं पाणी चमच्याने घेतात. डॉक्टरांचं पत्र होतं, पण माझ्या पर्समध्ये. आपल्याकडे बायकांची अंगझडती वेगळी, पडद्याआड. मी तिकडे, बाबा पुरुषांच्या रांगेत एकटे. दाट पाण्याची बाटली बाजूला काढलेली, ‘हे काय आहे?’ असं विचारतायत, आणि बाबा नुसते हाताने गळ्याकडे दाखवतायत. मग कुणीतरी भलेपणाने साधं पाणी पुढे केलं. मी पोचेपर्यंत त्यांनी एक घोट घेतला होता आणि खोकून खोकून डोळ्यांतून पाणी आलं होतं.

तेव्हा पत्र वडिलांच्या हातात द्या. खिशात नको, खिसे रिकामे करायला लावतात. लेटरहेडवर, इंग्रजीत, पासपोर्टवरचंच नाव, आणि दोन ओळी पुरेत: लाळ सुटत नाही, सतत घोट लागतात, गिळायला त्रास असेल तर पातळ पाण्याने ठसक्याचा धोका. शक्य झालं तर बरोबर एखादा पुरुष नातेवाईक असू द्या किंवा व्हीलचेअर मागवा, म्हणजे मदतनीस शेवटपर्यंत जवळ राहतो.

थिकनर लागत असेल तर पावडरच न्या, दाट पाणी आत गेल्यावर करा. अमेरिकेच्या विमानात ३५० मिलीपेक्षा जास्त पावडर हातातल्या सामानात असेल तर जादा तपासणी होते, म्हणून छोटा डबा घ्या, मूळ लेबलासकट. उरलेली चेक-इन बॅगेत.

विमानातली हवा फार कोरडी असते, तिथे घरच्यापेक्षा जास्त पाणी लागेल. चढताच क्रूला सांगून ठेवा, कारण टेकऑफच्या वेळी बराच वेळ कुणी उठत नाही, तेवढ्यापुरती बाटली भरलेली हवी. जेवणात ‘ब्लँड मील’ मागवता येतं, पण ते फक्त बिनतिखट असतं, मऊ असेलच असं नाही. बाबांनी सगळा प्रवास दही-भात कालवून काढला.

त्यांना नुसता कोरडेपणा आहे की गिळायलाही त्रास होतो? कळवलंत तर पत्राचा मजकूर लिहून देते.