उन्हाळा उतरताना पक्षी बघायला कुठे जाऊ? : पाण्याकाठी जा आणि एकाच जागी बसा

तुम्ही विचारलंय की ऑगस्टच्या शेवटी चार दिवस सुट्टी आहे, थंड प्रदेशात उन्हाळा उतरत असेल, दुर्मिळ आणि तिथले स्थानिक असे दोन्ही पक्षी बघायचेत, पण सगळे म्हणतायत हिवाळ्यापर्यंत थांब. थांबू नका हो. माझ्या मते वर्षातला सगळ्यात शिकवणारा काळ हाच, फक्त जागा बरोबर निवडायला हवी.

जंगलात आत्ता सामसूम असणार हे खरंय. वीण संपली की गाणारे पक्षी गप्प होतात, जुनी पिसं गळून नवी येत असतात त्यामुळे ते झाडोऱ्यात लपून बसतात. बदकांची तर उडायची पिसं एकदमच गळतात, तीन-चार आठवडे उडताच येत नाही, आणि नर मादीसारखे दिसायला लागतात. म्हणजे पक्षी कमी झालेले नसतात, उलट नवीन पिल्लांमुळे जास्तच असतात, दिसत नाहीत एवढंच.

म्हणून चिखलाचे किनारे, खाड्या, आटत चाललेली तळी. आर्क्टिककडे वीण करणारे चिखलपक्षी जुलैपासूनच परत फिरतात. कर्ल्यू सँडपायपरचे नर तर अंडी उबवायला थांबतच नाहीत, जुलैच्या सुरुवातीलाच निघतात, मग माद्या, आणि त्यानंतर पिल्लं, तीही आईबापांशिवाय, एकट्याने. दुर्मिळ पक्षी दिसण्याची शक्यता वाढते ती इथेच, कारण पहिल्यांदाच प्रवास करणारं पिल्लू दिशा चुकून भलतीकडे उतरू शकतं. पण सगळीच चुकतात असं नाही, २०२२ मध्ये बार-टेल्ड गॉडविट या चिखलपक्ष्याचं जेमतेम पाच महिन्यांचं पिल्लू अलास्काहून टास्मानियाला न थांबता ११ दिवसांत पोचलं, १३,५६० किलोमीटर! मी हे कितीदा वाचलंय तरी अजून अंगावर काटा येतो.

आता मुख्य सांगतो. दुर्मिळ पक्ष्याची बातमी आली की तिकडे धावायचं, हे चार दिवसांत करू नका, निम्मा वेळ गाडीत जाईल. एकच पाणथळ जागा धरा आणि तिथला नेहमीचा थवा इतका बघा की वेगळा पक्षी आपोआप डोळ्यात खुपेल. आधी जात ओळखायच्या मागे न लागता वय बघा. छोट्या टिलव्याचं (लिटल स्टिंट, चिमुकला चिखलपक्षी) पिल्लू स्कोपमध्ये, म्हणजे तिपाईवरच्या दुर्बिणीत, धरलं तर पाठीवर दोन पांढऱ्या रेघांचा स्वच्छ V दिसतो, प्रत्येक पिसाला फिकट किनार, सगळं नवं कोरं. शेजारचा प्रौढ पक्षी बघा, त्याच्या किनारी झिजून गेलेल्या, रंग विटलेला. फिकट भागात मेलॅनिन हे गडद रंगद्रव्य कमी असतं म्हणून तो आधी झिजतो. ही एक गोष्ट जमली की "हा कुठला नवीनच?" असे निम्मे गोंधळ तिथेच मिटतात.

वेळेचं म्हणाल तर समुद्रकाठी भरतीचं वेळापत्रक बघून पूर्ण भरतीच्या साधारण दोन तास आधी जाऊन बसा, पाणी चढेल तसे पक्षी स्वतःच तुमच्याकडे सरकत येतात. सूर्य पाठीशी ठेवा. दुपारी तापलेल्या चिखलावर हवा थरथरते, कितीही महागडा स्कोप असला तरी काही दिसत नाही, तेव्हा सरळ झोप काढा.

स्थानिक पक्ष्यांसाठी ईबर्ड या पक्षीनोंदींच्या वेबसाइटवर त्या भागाचा बार चार्ट (कुठला पक्षी कधी किती दिसतो याचा पट्ट्यांचा तक्ता) उघडा, प्रत्येक महिन्याचे चार भाग केलेले असतात, त्यात ऑगस्टचा शेवट बघा. वर्षभर जाड पट्टी असलेले ते तिथले रहिवासी, त्यातले तुमच्याकडे न दिसणारे पाच-सहा निवडा आणि सकाळचा पहिला तास-दीड तास त्यांनाच द्या, मग पाण्यावर या. आवाज पाठ करून गेलात तर उत्तम, पण या दिवसांत गाण्यापेक्षा छोटे कॉल जास्त ऐकू येतात, तेच पाठ करा. फोनवर आवाज लावून पक्षी बोलावू नका प्लीज.

आणि एक कळकळीची विनंती, भरतीच्या वेळी दाटीने विसावलेल्या थव्याजवळ फोटोसाठी जाऊ नका. पुढच्या उड्डाणासाठी ते अंगात चरबी साठवत असतात, काही जातींचं वजन जवळपास दुप्पट होतं, आणि दर वेळी उडवलं की त्यातलीच खर्च होते. थव्यातली डोकी वर व्हायला लागली की थांबा आणि दोन पावलं मागे या. वेगळं काही दिसलंच तर आधी चोच, पाय, पाठ वहीत लिहून काढा, उडतानाचा एक तरी फोटो घ्या, कर्ल्यू सँडपायपरची पांढरी कंबर उडतानाच नीट दिसते. फोटो इथे टाका, वय आणि जात दोन्ही मिळून बघू.